कोऱ्या लेबलाची तबकडी

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात मी सात इंची अठरा तबकड्यांसाठी एका विक्रेत्याला १,८५० पाउंड पाठवले. त्यांपैकी चार तबकड्या सांगितल्याप्रमाणे १९६० च्या दशकातल्या, अस्सल जमैकन प्रेसिंगच्या, म्हणजे त्या काळी तिथेच दाबून काढलेल्या, निघाल्या. दहा तबकड्या त्याच गाण्यांच्या पुष्कळ नंतरच्या आवृत्त्या होत्या. उरलेल्या चार तबकड्यांसाठी मी खरे तर हा सगळा संच घेतला होता आणि त्याच मुद्दाम जुन्या भासवलेल्या, बनावट होत्या. तेव्हाच्या दराने दीड लाख रुपयांहून जास्त असलेली ही रक्कम मला परत मिळाली नाही, आणि आता मिळणारही नाही. तरीही हे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीची काही तरुण मराठी मुलेमुली आता रेगे या जमैकन संगीताच्या जुन्या तबकड्या जमवू लागली आहेत, आणि त्या ती परदेशातल्या अनोळखी माणसांकडून, केवळ छायाचित्रे पाहून, विकत घेतात. मला ज्या रीतीने फसवले गेले, ती रीत त्यांच्या बाबतीतही तशीच्या तशी चालेल.

मी मूळची सांगलीची. वडिलांकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या होत्या. तबकडी कडेने धरायची, चरांना बोट लागू द्यायचे नाही, ही शिस्त मला त्या घरात लागली. १९८४ साली लग्न होऊन मी लंडनच्या वायव्य भागात, विल्सडनला आले. जमैकन संगीत ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचवणाऱ्या ट्रोजन या कंपनीचे कार्यालय एके काळी आमच्या जवळच्या नीस्डन लेनवर होते, आणि आज आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल लेनवर आहे, तो रस्ताही तिथून फार लांब नाही. आमच्या शेजारी एक वयस्कर जमैकन बाई राहत. रविवारी दुपारी त्यांचा स्वयंपाक चाले आणि भिंतीपलीकडून गाणी ऐकू येत. एका रविवारी ऐकलेला एक आवाज मला लयीच्या किंचित मागे रेंगाळणारा, विनवणी करता करता एकदम वर चढणारा आणि पुन्हा अलगद समेवर येणारा असा वाटला. बालगंधर्वांच्या गाण्यात मला जे आवडत असे, तेच काहीतरी त्यात होते. मी त्यांचे दार ठोठावून गायकाचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, आल्टन एलिस.

त्या दिवसापासून माझा संग्रह सुरू झाला. जमैकन संगीताच्या इतिहासात १९६६ ते १९६८ ही दोन-तीन वर्षे मला सर्वांत समृद्ध वाटतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या स्का या शैलीचा धावता ठेका मंदावला, बासचे स्वर मोकळे झाले, गायकाला श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि त्या मोकळ्या जागेत उत्तम गळे पुढे आले. त्या शैलीला रॉकस्टेडी म्हणतात, आणि एलिस यांचे १९६७ चे त्याच नावाचे गाणे तिच्या नामकरणाशी कायमचे जोडले गेले आहे. हे गाणे जमैकाची राजधानी किंग्स्टनमधल्या ३३, बाँड स्ट्रीट या पत्त्यावर ध्वनिमुद्रित झाले. तिथे पूर्वी पोलिसात असलेल्या ड्यूक रीड यांचे मद्याचे दुकान होते आणि दुकानाच्या वर ट्रेझर आयल हा त्यांचा स्टुडिओ होता. फिलिस डिलन यांचा स्वच्छ, न थरथरणारा आवाज तिथलाच. १९६७ च्या अखेरीस त्या न्यूयॉर्कला राहायला गेल्या, तरी गाण्यासाठी किंग्स्टनला येत राहिल्या. शहराच्या दुसऱ्या भागात, १३, ब्रेंटफर्ड रोडवर क्लेमेंट डॉड, म्हणजेच सर कॉक्सन, यांचा स्टुडिओ वन होता. डेलरॉय विल्सन यांनी कोवळ्या वयात डॉड यांच्यासाठीच गायला सुरुवात केली, केन बूथ तिथेच घडले, आणि डेनिस ब्राउन यांनी साधारण बाराव्या वर्षी, १९६९ साली, पहिले गाजलेले गाणे तिथेच गायले. यांतला प्रत्येक गळा वेगळा ओळखू येतो. स्लिम स्मिथ तर १९७३ साली पंचविशीतच गेले. त्यांच्या आवाजातली घायाळ आर्तता ऐकताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

मूळ तबकडीचा एवढा आग्रह कशासाठी, असे मला घरातूनही विचारले गेले आहे. ही गाणी आज कुठेही ऐकता येतात, हे खरे आहे. परंतु त्या काळी किंग्स्टनमध्ये एका गाण्याच्या पुष्कळदा काही शेच तबकड्या निघत. त्यांतल्या बऱ्याच साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यांवर आणि अंगणांत लावल्या जाणाऱ्या मोठ्या ध्वनिवर्धकांवर, वाजून वाजून झिजल्या. अनेक गाण्यांच्या मूळ फिती खराब झाल्या किंवा हरवल्या. त्यामुळे पुढे निघालेल्या काही आवृत्त्या फितीवरून न काढता जुन्या तबकडीवरूनच उतरवून घेतलेल्या आहेत. चांगल्या स्थितीतल्या मूळ तबकडीत बास जसा छातीवर येतो आणि गायक जसा खोलीत उभा असल्यासारखा वाटतो, तसे इतरत्र क्वचितच ऐकू येते. मला हव्या होत्या त्या अशा तबकड्या.

त्यांतही कोऱ्या लेबलाच्या तबकड्यांचे आकर्षण वेगळेच असते. गाणे बाजारात येण्यापूर्वी त्याच्या थोड्या प्रती छापील लेबलाशिवाय काढत आणि त्या साउंड सिस्टिम चालवणाऱ्यांच्या हाती जात. पांढऱ्या कागदावर कुणीतरी हाताने नाव लिहिलेले असे किंवा रबरी शिक्का मारलेला असे, आणि पुष्कळदा काहीच नसे. नाव लपवण्याची परंपरा तिथे त्याहूनही जुनी आहे. कॉक्सन अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांची लेबले खरवडून टाकत, म्हणजे आपण कोणते गाणे लावले आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये. विलिस जॅक्सन यांच्या सॅक्सोफोनची एक तबकडी त्यांनी स्वतःच्या नावाने, ‘कॉक्सन हॉप’ म्हणून, बराच काळ गाजवली, आणि तिचे मूळ नाव शेवटी त्यांचे प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांना सापडलेच. या इतिहासामुळे कोरे लेबल पाहिले की संग्राहकाचे मन आधीच हलते. बनावट वस्तू करणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. जिथे छपाईच नाही, तिथे छपाईतली चूक सापडण्याचा प्रश्नच येत नाही.

माझ्या विक्रेत्याने पहिल्या भेटीतच मोठी वस्तू पुढे केली नव्हती, आणि त्याच्या कौशल्याचा मुख्य भाग तोच होता, असे मला आज वाटते. सहा महिन्यांत त्याने मला तीन तबकड्या विकल्या. तिन्ही अस्सल होत्या, वाजवी किमतीच्या होत्या, पुठ्ठ्यात नीट बांधून वेळेवर आल्या होत्या. एका तबकडीवर त्याने न सांगितलेला ओरखडा होता, तर मी तक्रार करण्यापूर्वीच त्याने स्वतःहून पाच पाउंड परत पाठवले. त्या पाच पाउंडांनी माझा विश्वास विकत घेतला. त्यानंतर त्याने सांगितले की त्याचे काका इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समध्ये, एक साउंड सिस्टिम चालवत, ते नुकतेच वारले, त्यांचा पेटारा घरच्यांना मोडीत काढायचा आहे, आणि तो कदर करणाऱ्या माणसाकडे जावा अशी त्याची इच्छा आहे. मी सांत्वनाचे पत्र लिहिले. आपण काकांचे नाव विचारावे, त्यांच्या साउंडचे नाव विचारावे, त्या शहरातल्या जुन्या माणसांना ते आठवतात का हे पाहावे, हे मला सुचले नाही, कारण दुखवट्याच्या घरी चौकश्या करू नयेत असे आपले संस्कार आहेत.

पेटाऱ्यातल्या अठरा तबकड्यांची यादी आली. त्यात कोऱ्या लेबलाच्या चार होत्या, आणि त्या चारांत एलिस यांच्या ‘रॉक स्टेडी’ची एक होती. मी छायाचित्रे मागितली. लेबलांची सुरेख, उजेडात काढलेली छायाचित्रे आली. शेवटच्या चरापासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्याचे छायाचित्र मी दोनदा मागितले, कारण तबकडीचा मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे ती कोणत्या ध्वनिमुद्रणावरून निघाली हे सांगणारा क्रमांक, तिथेच कोरलेला असतो. पहिल्यांदा उत्तर आले नाही, आणि दुसऱ्यांदा अक्षरे वाचता येणार नाहीत इतके अस्पष्ट छायाचित्र आले. त्याऐवजी त्याने फोनवर ध्वनिमुद्रित केलेला गाण्याचा अर्धा मिनिट पाठवला. त्यात गाण्याखाली छान जुनी खरखर ऐकू येत होती, आणि ती ऐकून मी निश्चिंत झाले. हे वाक्य लिहिताना मला आजही त्रास होतो, कारण ज्या खरखरीने मला निश्चिंत केले, तीच पुढे फसवणुकीचा पहिला पुरावा ठरली.

मग घाई सुरू झाली. जपानमधला एक संग्राहक आजच पैसे पाठवायला तयार आहे, असे मला सांगण्यात आले, आणि जपानमध्ये या संगीताचे जाणकार आणि श्रीमंत संग्राहक आहेत हे ठाऊक असल्याने मला ते खरे वाटले. पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन सेवेत खरेदीसाठी आणि घरच्यांसाठी असे दोन वेगळे मार्ग होते. शुल्क वाचावे म्हणून घरच्यांना पाठवतात त्या मार्गाने पाठवा, म्हणजे तेवढी रक्कम मी किमतीतून कमी करतो, असे तो म्हणाला. त्या मार्गाने पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे कोणतेही संरक्षण नसते. हे त्या सेवेच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते वाचलेले होते. तरीही सुमारे साठ पाउंड वाचवण्यासाठी मी १,८५० पाउंड असुरक्षित मार्गाने पाठवले.

पार्सल आठवड्याने आले. वरच्या चार तबकड्या पाहून मन भरून आले: मोठे मध्यछिद्र, लेबल किंचित बाजूला सरकलेले, प्लास्टिक जाड आणि खडबडीत, जसे त्या काळच्या जमैकन प्रेसिंगमध्ये पुष्कळदा दिसते. त्यानंतरच्या दहा पाहताना शंका आली. स्टुडिओ वनची गाणी जुन्याच साच्यांवरून पुढची कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा काढली गेली, त्यामुळे मॅट्रिक्स क्रमांक मूळ प्रतीशी जुळतो, पण तेवढ्यावरून तबकडी त्या वर्षाची ठरत नाही. लेबलाचा कागद, रंग, छपाई आणि प्लास्टिकचा पोत हे सगळे एकत्र पाहावे लागते. या दहा तबकड्या गाणी म्हणून उत्तम होत्या, परंतु त्यांची किंमत मी दिलेल्या किमतीच्या दशांशाहून जास्त नव्हती.

शेवटी मी कोऱ्या लेबलाची ‘रॉक स्टेडी’ लावली. सुई सुरुवातीच्या चरात उतरली तेव्हा अगदी शांतता होती. मग गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी एकदम खरखर उगवली, गाणेभर तशीच राहिली, आणि गाणे संपताच कुणी नळ बंद करावा तशी थांबली. सुई अजून चरातच होती आणि पुन्हा शांतता होती. पन्नास वर्षे झिजलेली तबकडी असे वागत नाही. धूळ आणि झीज गाण्याची वाट पाहत नाहीत, ती सुरुवातीच्या रिकाम्या चरातही असतात आणि शेवटच्या चरातही असतात. ही खरखर माझ्या तबकडीची नव्हतीच. ती दुसऱ्या कुणाच्या तरी झिजलेल्या तबकडीची होती, तिच्यावरून गाणे उतरवताना ती गाण्याबरोबर चरांत कोरली गेली होती. मी हेडफोन लावून पुन्हा ऐकले. दुसऱ्या कडव्यात एक ठळक टिकटिक होती. त्या जागी ओरखडा असेल म्हणून भिंगाने पाहिले, तर चर स्वच्छ होते.

मॅट्रिक्स क्रमांकाकडे वळले. पट्ट्यावर हाताने कोरलेली अक्षरे होती. मूळ लॅकरवर, म्हणजे जिच्यावरून साचा घेतात त्या पहिल्या तबकडीवर, कोरलेली अक्षरे साच्यातून तबकडीवर उतरतात, त्यामुळे त्यांच्या कडा गुळगुळीत असतात. तयार तबकडीवर कुणी नंतर टोकदार वस्तूने कोरले, तर प्लास्टिक उकरून वर येते, कडा पांढुरक्या दिसतात आणि बोटाच्या नखाला अडकतात. माझे नख अडकले. शेवटचा पुरावा लेबलानेच दिला. तबकडीचे लेबल डिंकाने चिकटवलेले नसते. तबकडी दाबली जात असतानाच उष्णतेने आणि दाबाने ते प्लास्टिकमध्ये बसते, म्हणून त्याची कड बोटाला लागत नाही. या लेबलाची कड लागत होती. दिव्याखाली तिरपे धरल्यावर पांढऱ्या कागदाखाली उठलेल्या अक्षरांचे फिकट ठसे दिसले. अलीकडे निघालेल्या एका स्वस्त आवृत्तीच्या छापील लेबलावर चहाच्या पाण्याने पिवळसर केलेला कोरा कागद डकवला होता. उरलेल्या तिन्ही तबकड्यांचीही तीच गत होती.

लंडनमधल्या हार्ल्सडनमध्ये जुन्या तबकड्यांचा व्यवहार आयुष्यभर केलेले एक जमैकन आजोबा आहेत. त्यांना मी चारही तबकड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी त्या वाजवल्यासुद्धा नाहीत. हातात घेऊन वजन पाहिले, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला खुर्ची दिली. ते म्हणाले, “बाई, तुम्ही एकट्या नाही. या वर्षी अशी पांढरी लेबले घेऊन माझ्याकडे आलेल्या तुम्ही तिसऱ्या.” मग ते बराच वेळ गायकांबद्दल बोलत राहिले. त्यांच्या तरुणपणी गायकाला एका गाण्याचे एकदाच थोडे पैसे मिळत, आणि पुढे ते गाणे जगभर वाजले तरी त्याच्या घरी पुष्कळदा काही येत नसे. जमैकात नवा स्वामित्वहक्क कायदा आला तोच १९९३ साली. एलिस यांची उत्तरायुष्यातली बरीच वर्षे लंडनमध्ये गेली आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी ते इथेच वारले. मी त्यांना एकदा प्रत्यक्ष गाताना ऐकले होते. सत्तरीकडे झुकलेल्या वयात तो आवाज खाली उतरला होता, पण लयीच्या मागे राहण्याचे सुख तसेच होते. माझे पैसे गेल्याचे दुःख आहेच. परंतु त्यांच्या नावाने कुणीतरी चहात कागद बुडवून पैसे कमावतो आणि त्यांच्या वारसांना त्यातला एक पेनीही मिळत नाही, याची मला जास्त चीड येते.

विक्रेत्याला लिहिले. पहिले उत्तर असे आले की तबकड्या मीच बदलल्या असतील. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही, आणि तिसरे लिहिले तोवर त्याचे खाते बंद झाले होते. पैसे पाठवण्याच्या सेवेने अट दाखवून नकार दिला, आणि अट मला मान्यच होती. ऑनलाइन तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे काही झाले नाही. मी पार्सल उघडताना चित्रफीत काढली नव्हती, म्हणून तबकड्या बदलल्याच्या आरोपाला माझ्याकडे शब्दांपलीकडे उत्तर नव्हते. आता मी प्रत्येक पार्सल फोन समोर ठेवून, पत्त्याची चिठ्ठी दाखवून उघडते.

इतर बाबतींतही माझे वागणे बदलले आहे. तबकडीच्या पट्ट्याचे स्पष्ट छायाचित्र आणि सुई ठेवण्यापासून उचलण्यापर्यंतचे सलग ध्वनिमुद्रण मिळाल्याशिवाय मी आता किमतीबद्दल बोलतही नाही. अर्धा मिनिट पुरेसा नसतो, गाण्याच्या आधीचा आणि नंतरचा रिकामा चर ऐकायलाच हवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी १०० पाउंडांहून जास्त किमतीची वस्तू दुकानातून घेताना क्रेडिट कार्ड वापरावे, कारण १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार ३०,००० पाउंडांपर्यंत कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. मध्ये पैसे पोहोचवणारी तिसरी सेवा आली तर मात्र हा हक्क तुटू शकतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून घडवून आणलेल्या बँक हस्तांतराची रक्कम ८५,००० पाउंडांपर्यंत परत देण्याचे बंधन इथल्या बँकांवर आले आहे. माझ्या वेळी ते नव्हते. भारतातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. मी विक्रेत्याच्या सौजन्यपूर्ण उत्तराची वाट पाहण्यात अकरा दिवस घालवले.

त्या चार बनावट तबकड्या टाकून द्याव्यात असे घरचे म्हणत होते. कचऱ्यातून त्या पुन्हा कुठल्या तरी बाजारात जातील, म्हणून मी तसे केले नाही. कोमट पाण्याने वरचे कागद सोडवले आणि खालची छापील लेबले उघडी केली. मग प्रत्येकीच्या गुळगुळीत पट्ट्यावर, त्या खोट्या क्रमांकाच्या शेजारी, दाभणाने एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी लिपीत कोरले, ‘नक्कल, २०१९’. माझा पेटारा पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याच्या नखाला ही अक्षरेही अडकतील.